नेट नाही तिथे विंडोज टाकताय? आधी ड्रायव्हर काढून घ्या

गणपतीत गावी गेलं की माझ्याकडे दोन कामं ठरलेली. मोदक वळायला बसायचं आणि घरातल्या सगळ्यांचे मोबाइल-लॅपटॉप "जरा बघून" द्यायचे. दोन वर्षांपूर्वी मामाने लॅपटॉप पुढ्यात आणून ठेवला, म्हणाला, "बघ गो, हा चालू होईपर्यंत माझी पूजा आटपते." मी म्हटलं फॉरमॅटच मारते, पेनड्राइव्हवर विंडोज आहेच, तासाभराचं काम. तासाभराने विंडोज आलं पण, एकदम स्वच्छ, आणि खाली उजव्या कोपऱ्यात वायफायच्या चिन्हाच्या जागी तो पृथ्वीचा गोळा. टचपॅड मेलेला, स्क्रीनचा उजेड कमी होईना, आवाज नाही.

ड्रायव्हर म्हणजे लॅपटॉपचा एखादा भाग, वायफाय म्हणा, आवाज म्हणा, विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर. आता वायफायचा ड्रायव्हर असतो कंपनीच्या साइटवर, साइट उघडायला नेट हवं आणि नेटला वायफायचा ड्रायव्हर हवा. वेड गेल्याशिवाय लग्न होईना आणि लग्न झाल्याशिवाय वेड जाईना, त्यातली गत. बरं मी काही अगदीच बावळट नाही हो, ड्रायव्हरचा बॅकअप घेतला होता की! पण तो घेतला डी ड्राइव्हवर, आणि विंडोज टाकताना त्या पार्टिशनच्या स्क्रीनवर "सगळंच साफ करू या" म्हणून एकेक करून सगळी पार्टिशनं उडवली, त्यात डी पण गेला. मामाचे फोटो आदल्या रात्री वेगळ्या हार्डडिस्कवर घेतले होते म्हणून वाचले, नाहीतर त्या घरात मला परत मोदक मिळाला नसता.

तर हे सगळं तुमचं होऊ नये म्हणून लिहितेय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सध्या जो तो ११ टाकायच्या मागे आहे, आणि सगळ्यांच्या घरी फायबर नाहीये.

आधी एक गोष्ट नीट कळू द्या, म्हणजे पुढचं सोपं जातं. विंडोजसोबत मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे बरेच ड्रायव्हर येतात, कीबोर्ड, माउस, साधा डिस्प्ले वगैरे, ते नवीन विंडोजमध्ये परत मिळणारच आहेत. आपल्याला हवेत ते बाहेरचे, म्हणजे वायफाय, ग्राफिक्स, साउंड, टचपॅड, चिपसेट, फिंगरप्रिंट, प्रिंटर. हे सगळे सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात ड्रायव्हरस्टोअर, त्यात फाइलरिपॉझिटरी नावाच्या फोल्डरात साठवलेले असतात. त्यातून फक्त बाहेरचे तेवढे वेचून काढायची सोय विंडोजमध्येच आहे, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. ते "तुमचे २३ ड्रायव्हर जुने झालेत" असं लाल अक्षरात ओरडणारे ड्रायव्हर अपडेटर असतात ना, त्यांच्या तर वाटेलाच जाऊ नका, सोबत काय काय येऊन बसतं ते काढता काढता जीव जातो.

पेनड्राइव्ह घ्या, ८ जीबीचा पुरतो, ग्राफिक्स कार्डवालं मशीन असेल तर १६ चा घ्या. मामाच्या लॅपटॉपचे सगळे मिळून २ जीबीच्या आसपास झाले होते, त्यात निम्म्याहून जास्त एकट्या ग्राफिक्सचे. पेनड्राइव्ह लावला की फाइल एक्सप्लोररमध्ये बघा त्याला कुठलं अक्षर मिळालंय, समजा ई मिळालं. त्यात ड्रायव्हर्स नावाचं रिकामं फोल्डर आधीच करून ठेवा, इंग्रजीत नाव द्या, मधे स्पेस नको.

मग स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, कमांड प्रॉम्प्ट दिसेल, त्यावर राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर. हे विसरलात तर ७४० नंबरचा एरर येतो, घाबरायचं नाही, खिडकी बंद करून परत ॲडमिन म्हणून उघडायची. कमांड अशी आहे, मी उच्चाराने लिहितेय, तुम्ही अर्थात इंग्रजी अक्षरात टाइप करा:

डीआयएसएम /ऑनलाइन /एक्सपोर्ट-ड्रायव्हर /डेस्टिनेशन:ई:\ड्रायव्हर्स

पहिला शब्द डी, आय, एस, एम ही चार अक्षरं. मग स्पेस आणि तिरकी रेघ, प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते ती, रेघेला चिकटून शब्द. प्रत्येक रेघेच्या आधी स्पेस, नंतर नाही. एक्सपोर्ट आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये छोटी आडवी रेघ आणि ड्रायव्हर इथे एकवचनी. डेस्टिनेशननंतर कोलन आणि लगेच पेनड्राइव्हचा पत्ता, त्यातली रेघ मात्र उलट्या बाजूला झुकलेली. कुठे चुकलं की एरर ८७ येतो, म्हणजे बहुतेक स्पेलिंग नाहीतर स्पेस.

आणि त्यातल्या ऑनलाइन शब्दाने गोंधळू नका, मामा शेजारी बसून म्हणालाच, "नेट नाही म्हणतेस नि ऑनलाइन काय लिहितेस?" इथे ऑनलाइन म्हणजे आत्ता चालू असलेलं विंडोज, इंटरनेटचा काही संबंध नाही. नेट पूर्ण बंद असलं तरी कमांड चालते.

एंटर मारलं की १ ऑफ ८४, २ ऑफ ८४ असं मोजत जातं, पेनड्राइव्ह जुना असेल तर वेळ लागतो, तेवढ्यात चहा होतो. हीच गोष्ट दुसऱ्या कमांडनेही होते, पीएनपीयुटिल /एक्सपोर्ट-ड्रायव्हर मग स्पेस, चांदणी, स्पेस आणि ई:\ड्रायव्हर्स. स्पेलिंग पी, एन, पी, यू, टी, आय, एल. कुठलीही एक चालवा. मी पहिली वापरते पण पीएनपीयुटिलची ओळख असू द्या, परत टाकताना तीच लागणार आहे.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि हाच सगळे टाळतात. बॅकअप झाला असा मेसेज आला की लोक लगेच फॉरमॅट मारायला धावतात. थांबा जरा. पेनड्राइव्ह उघडा. आत एकेका ड्रायव्हरचं एकेक फोल्डर दिसेल, नावं अगम्य असतात, मूळ फाइलचं नाव, मग आयएनएफ, मग एएमडी६४ आणि मागे आकडे-अक्षरांची लांब शेपटी. एएमडी६४ बघून "माझा तर इंटेल आहे" असं म्हणत बसू नका, ६४ बिटच्या विंडोजला तसं नाव पडलंय इतकंच. तिथे एक्स८६ दिसलं तर मात्र तुमचं आत्ताचं विंडोज ३२ बिट आहे, आणि नवीन ६४ बिट टाकणार असाल तर हा बॅकअप काही कामाचा नाही.

एक फोल्डर उघडा. आत .आयएनएफ, .सीएटी आणि .एसवायएस अशा फाइल असतात. आयएनएफ नोटपॅडमध्ये उघडली तर वरच्या काही ओळीत क्लास इक्वल टू काहीतरी लिहिलेलं असतं. नेट असेल तर तो नेटवर्कचा, डिस्प्ले असेल तर ग्राफिक्सचा, मीडिया म्हणजे साउंडचा. त्याखालीच ड्रायव्हरव्हर म्हणून तारीख आणि व्हर्जन असतं. तुम्हाला शोधायचाय तो क्लास नेटवाला. इंटेलचं वायफाय असेल तर फाइलच्या नावाची सुरुवात एन-ई-टी-डब्ल्यू-टी-डब्ल्यू अशी असते, बाकी कंपन्यांची नावं वेगवेगळी. ऐंशी फोल्डर उघडत बसायचा कंटाळा येत असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पीएनपीयुटिल /एनम-ड्रायव्हर्स मारा, इथे ड्रायव्हर्स अनेकवचनी. सगळ्यांची यादी येते, त्यात ओरिजिनल नेम, प्रोव्हायडरचं नाव आणि क्लास नेम असतं, नेटवर्क अडॅप्टर्स दिसलं की त्याचं ओरिजिनल नेम कागदावर लिहून घ्या आणि त्या नावाचं फोल्डर पेनड्राइव्हमध्ये आहे का बघा. वायफायचं आणि लॅन केबलचं, दोन्ही. ही दोन सापडली की बाकी काही राहिलं तरी नेटवरून आणता येतं. यादीतच नसेल तर याचा अर्थ तुमचं वायफाय मायक्रोसॉफ्टच्या सोबत आलेल्या ड्रायव्हरवर चालतंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर टॅबला प्रोव्हायडर मायक्रोसॉफ्ट लिहिलेलं असेल तर खात्री झाली, विंडोजची तीच आवृत्ती परत टाकताना काळजी नाही.

दुसरं फोल्डर शोधायचं ते डिस्कचं, आणि इथे नवीन लॅपटॉपवाले फसतात. इंटेलच्या ११व्या जनरेशनपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी म्हणून इंटेलचा डिस्क हाताळायचा प्रकार चालू असतो, त्यामुळे विंडोज टाकताना पार्टिशनच्या स्क्रीनवर डिस्कच दिसत नाही, यादी कोरी. लोकांना वाटतं एसएसडी गेली! गेलेली नसते, सेटअपकडे ड्रायव्हर नसतो फक्त. त्याच स्क्रीनवर लोड ड्रायव्हर असतं, तिथून पेनड्राइव्हमधलं आयएस्टोरव्हीडी नावाने सुरू होणारं फोल्डर दाखवायचं, आय-ए-एस-टी-ओ-आर-व्ही-डी, की डिस्क दिसायला लागते. तुमच्या बॅकअपमध्ये ते फोल्डर असेल तर त्याची एक कॉपी पेनड्राइव्हवर बाहेरच वेगळी काढून ठेवा, ऐनवेळी ऐंशीच्या गर्दीत शोधायला नको. तुमच्यात व्हीएमडी नसेल तर ते फोल्डर नसणारच, मग हा परिच्छेद सोडून द्या.

फॉरमॅटच्या आधी अजून एक, ड्रायव्हरशी संबंध नाही पण ह्यावरून रडारड झालेली बघितलीये. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला कुलूप लावायची विंडोजची सोय, चालू असेल आणि तुम्ही डी ड्राइव्ह तसाच ठेवणार असाल, तर नवीन विंडोज डी उघडताना ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधीच कागदावर लिहून घ्या नाहीतर एन्क्रिप्शन बंद करून मग पुढे जा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटला सेव्ह असते म्हणतात, असते पण, मात्र ती बघायला परत नेटच लागतं.

ॲक्टिव्हेशनची चिंता नको, आधी ॲक्टिव्हेटेड असलेलं मशीन तेच एडिशन टाकल्यावर नेट मिळालं की आपोआप होतं.

आता टाकायची वेळ. पार्टिशन उडवताना पेनड्राइव्हसुद्धा त्याच यादीत दिसतो हे लक्षात असू द्या, साइज बघून हात लावा. मी तर बॅकअपचा पेनड्राइव्ह काढूनच ठेवते आणि गरज लागली तरच परत लावते, एकदा दुधाने तोंड भाजलंय.

विंडोज ११ मध्ये पुढे अजून एक गंमत आहे. कॉपी वगैरे होऊन रीस्टार्ट झालं की देश, कीबोर्ड विचारतं आणि मग नेटवर्कला जोडा म्हणतं, आणि वायफायचा ड्रायव्हरच नाही तर तिथे एकही नेटवर्क दिसत नाही, नेक्स्टचं बटण फिकट. मशीन अर्ध्यात अडकतं. अशा वेळी शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा, काही लॅपटॉपवर एफएनही सोबत धरावं लागतं, काळी खिडकी उघडेल. त्यात ही कमांड:

पीएनपीयुटिल /ॲड-ड्रायव्हर ई:\ड्रायव्हर्स\*.आयएनएफ /सबडिर्स /इन्स्टॉल

सबडिर्स म्हणजे एस, यू, बी, डी, आय, आर, एस, आतल्या सगळ्या फोल्डरात शोध असं सांगणं. पेनड्राइव्हचं अक्षर इथे बदललेलं असू शकतं, ई नसेल तर डी, एफ करून बघा. नुसतं ई आणि कोलन टाइप करून एंटर, मग डीआयआर मारलं की आत काय आहे ते दिसतं. कमांड चालली की एकेक ड्रायव्हर ॲडेड सक्सेसफुली म्हणत जातो, मधे स्क्रीन क्षणभर काळी होते, रिझोल्यूशन बदलतं, ते ग्राफिक्सचं असतं, हात लावू नका. संपल्यावर खिडकी बंद केली की वायफायची यादी आलेली असते, नाही आली तर एकदा मागे जाऊन परत त्या स्क्रीनवर या.

आणि गावात वायफायच नसेल, फोनची रेंजही नसेल तर? तो स्क्रीन चुकवायच्या युक्त्या आहेत पण मायक्रोसॉफ्ट एकेक वाट बुजवत चाललंय, आज चाललेली उद्याच्या बिल्डमध्ये चालेलच असं नाही. त्यापेक्षा विंडोजचा पेनड्राइव्ह रूफसने (असा पेनड्राइव्ह बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) बनवताना ऑनलाइन अकाउंटची सक्ती काढून टाकायचा पर्याय येतो, तिथे टिक करून ठेवा, मग लोकल अकाउंट करून थेट आत जाता येतं. हे घरून निघतानाच करायचं काम आहे, गावी पोचल्यावर नाही.

विंडोज १० असेल किंवा तो स्क्रीन पार झाला असेल तर डेस्कटॉपवर येऊन तीच पीएनपीयुटिलची कमांड ॲडमिन म्हणून मारा आणि रीस्टार्ट करा. कमांडचा कंटाळा असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, पिवळ्या त्रिकोणावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ब्राउज माय कॉम्प्युटर, पेनड्राइव्हचं फोल्डर दाखवायचं आणि इन्क्लूड सबफोल्डर्सची टिक ठेवायची. एकेकासाठी करावं लागतं, पण एक-दोनच राहिले असतील तर हेच बरं. त्रिकोण आहे पण नाव नुसतं अननोन डिव्हाइस असेल तर प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, तिथे हार्डवेअर आयडीज निवडा. व्हीईएन नंतर चार अक्षरं असतात, ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी रिअलटेक, १४सी३ मीडियाटेक, १०डीई एन्व्हिडिया. निदान कुणाच्या दारात जायचं ते तरी कळतं.

या बॅकअपमध्ये काय येत नाही तेही सांगून ठेवते, नंतर मला शिव्या नकोत. ड्रायव्हर येतो, त्याचं सॉफ्टवेअर येत नाही. साउंडचं ते इक्वलायझरवालं पॅनल, ग्राफिक्सचं कंट्रोल पॅनल, ही आता बहुतेक मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून येतात, त्यांना नेट लागणारच. प्रिंटरचा ड्रायव्हर येतो पण प्रिंटर परत ॲड करावा लागतो. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी तर फार जपून, आधारच्या फिंगरप्रिंट मशीनला ड्रायव्हरशिवाय आरडी सर्व्हिस लागते, सही करायच्या डीएससी टोकनलाही त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर लागतं, त्यांचे सेटअप आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी दाखल्यांची रांग दारात आणि तुम्ही मशीनपुढे हात चोळत. डीटीपीवाल्यांनी विंडोजमधलं फॉन्ट्सचं फोल्डर उचलायचंच, कृतिदेव नाही म्हणून लग्नपत्रिकेच्या फाइलची झालेली गिचमिड मी डोळ्यांनी बघितलीये.

वायफायचे पासवर्ड लक्षात नसतील तर तेही काढता येतात: नेटएसएच डब्ल्यूलॅन एक्सपोर्ट प्रोफाइल की=क्लिअर फोल्डर=ई:\वायफाय. इथे तिरकी रेघ नाही, नुसत्या स्पेस, आणि वायफाय नावाचं फोल्डर आधी करून ठेवा. पासवर्ड उघड्या अक्षरात साठतो म्हणून तो पेनड्राइव्ह कुणाला देऊ नका.

लॅपटॉप चालूच होत नसेल आणि म्हणूनच विंडोज टाकायचं असेल, तरी वाट आहे. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करा, पहिल्या स्क्रीनवर शिफ्ट एफ१०, आणि सुरुवातीच्याच कमांडमध्ये /ऑनलाइनच्या जागी /इमेज:सी:\ लिहा. इथे अक्षरं हमखास बदलतात, तुमचा सी कदाचित डी म्हणून दिसेल, डीआयआर मारून विंडोज आणि युजर्स ही फोल्डरं कुठे आहेत ते आधी बघा. जुन्या पार्टिशनवर फॉरमॅट न करता विंडोज टाकून मोकळे झाला असाल तर सी ड्राइव्हमध्ये विंडोज.ओल्ड असेल, त्याच्या पोटात तेच ड्रायव्हरस्टोअर, फाइलरिपॉझिटरी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्राउज करून ते फोल्डर दाखवलं तरी काम होतं, फक्त लवकर करा, काही दिवसांनी विंडोज ते स्वतःच पुसून टाकतं.

आणि माझ्यासारखा बॅकअपही गेला, काहीच उरलं नाही, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, त्यामुळे फोनचं नेट लॅनसारखं लॅपटॉपला मिळतं. केबल चार्जिंगपुरती असलेली नको, डेटावाली हवी. मामाकडे घरात रेंज नाही, खळ्याच्या पलीकडे विहिरीपाशी दोन काड्या येतात, म्हणून मी विहिरीच्या कठड्यावर लॅपटॉप, त्याला केबलने फोन, टचपॅड बंद म्हणून मामेभावाचा गेमिंगचा माउस, आणि वरून पाऊस कधी येईल ते सांगायला मामी, असा वायफायचा ड्रायव्हर उतरवला. लहानशीच फाइल असते हो ती, पण पाऊण तास लागला.

त्यानंतर नीट बॅकअप घेऊन पेनड्राइव्ह मामाच्या कपाटात ठेवला, वर लॅपटॉपचं मॉडेल आणि तारीख लिहून. परवा गेले तर त्यात आरत्या आणि डबलबारीची भजनं भरलेली, ड्रायव्हर गायब. मामी म्हणाली, "अगो, त्यात कसलीकसली इंग्रजी फोल्डरं होती, मी काढून टाकली." म्हणून आता फोल्डर झिप करून एक कॉपी माझ्या हार्डडिस्कवरही असते.